दिगूस पत्र : शाळेच्या भाजीबागेबद्दल

इंदूर, ८ डिसेंबर

प्रिय दिगू,

तिकडे सोलापूरला तुझ्या शाळेमागची दोन गुंठे जागा मिळाली हे वाचून बरं वाटलं. पण बागेमुळे पोषण आहारातला भाजीचा खर्चच वाचेल, असं तू लिहिलंयस. त्याचा आधी हिशोब मांड. सरकारी मापानं प्राथमिकच्या मुलाला रोज ५० ग्रॅम भाजी, सहावी ते आठवीच्या मुलाला ७५ ग्रॅम. तुझी ऐंशी मुलं प्राथमिकची धरली तरी रोजची ४ किलो झाली, महिन्याची शंभराच्या आसपास. बारा महिने एवढं काढायला कसलेला माळी हवा, आणि चौथीची पोरं म्हणजे माळी नव्हेत. आमच्या शाळेच्या बागेतून आठवड्यातून एक-दोनदा पालक किंवा मेथी डाळीत पडते. तेवढ्यावर मी खूश आहे.

मग बागेतून मुलांच्या घरी भाजी कशी पोचणार? तर वाफ्यांतून नाही, बियांतून. आमची बहुतेक मुलं वस्तीतली. घर पत्र्याचं, अंगण नाही, पण दाराशी डबा ठेवण्याइतकी जागा असतेच. पहिल्या पावसाला प्रत्येकाच्या हातात गिलकीचं (तुझ्याकडची घोसाळी) एकेक रोप दिलं. वेल पत्र्यावर चढला की घराला अधूनमधून भाजी मिळते, शिवाय पत्राही थोडा गार राहतो. शाळेतली बाग ही रोपवाटिका समज, पोट भरायचं ते घरच्या वेलानं. बी मात्र देशीच घे. संकरित वाणाचं धरून ठेवलेलं बी पुढच्या वर्षी आईबापाच्या गुणाचं निघत नाही, म्हणजे दरवर्षी पुन्हा दुकान गाठणं आलं. शेवटची दोन गिलकी वेलावरच वाळू द्यायची. आत बी, आणि साल काढलं की अंघोळीला घासणी.

खताचं म्हणशील तर तू मूळचा इंदूरचा असून मला विचारतोस याची गंमत वाटली. ज्या कृषी महाविद्यालयाच्या मैदानावर आपण क्रिकेट खेळायचो, तिथेच १९२४ पासून अल्बर्ट हॉवर्ड हे इंग्रज शेतीशास्त्रज्ञ काम करत होते. होळकरांनी दिलेल्या जमिनीवर इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री ही त्यांची शेतीसंशोधन संस्था उभी राहिली. माळव्यात शेण चुलीत जातं, मग शेताला काय, हा त्यांचा प्रश्न होता. पालापाचोळा, काडीकचरा, थोडं शेण, गोमूत्रानं भिजलेली माती आणि राख यांचे थर द्यायचे, ओल राखायची, ढीग अधूनमधून उलटायचा. तीन महिन्यांत खत तयार. कपाशीच्या पऱ्हाट्यांसारखा कडक माल ते आधी रस्त्यावर पसरायचे, गाड्यांखाली चुरडला की ढिगात. १९३१ साली त्यांनी आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी याचं पुस्तक काढलं आणि ही रीत 'इंदूर पद्धत' म्हणून जगभर गेली. आम्ही तेच करतो, फक्त गोठा नाही म्हणून शेजारच्या दूधवाल्याकडून घमेलंभर शेण आणतो. ओला-सुका कचरा वेगळा करणं इथल्या पोरांना शिकवावं लागत नाही. महापालिकेची गाडी यायच्या आत ओला आपल्या ढिगावर नेणं, एवढीच धावपळ.

माती तुझ्याकडेही काळीच आहे, म्हणजे पावसात चिखल, उन्हात भेगा. म्हणून वीतभर उंच गादीवाफे कर आणि रुंदी तीन फुटांच्या वर नेऊ नकोस. पोराचा हात दोन्ही बाजूंनी मधोमध पोचला पाहिजे, नाहीतर पाय वाफ्यात पडतो. मुलं हात धुतात ते पाणी चरातून केळी-अळूकडे सोड. कोबी लावलास तर कडेनं मोहरी पेर, कोबीवरचा चौकोनी ठिपक्यांचा पतंग आधी तिकडे जातो.

शिकवण्याचं विचारशील तर मेथीचं रोप मुळासकट हलकेच उपट आणि मुळं बादलीत धुऊन दाखव. बारीक गाठी दिसतील. एखादी नखानं फोडली आणि आतून गुलाबी निघाली, तर ती हवेतला नत्र बांधायच्या कामाला लागली आहे. शेजारी पालकाचं रोप ठेव, त्याला गाठी नाहीत. फळ्यावर मी वर्षानुवर्षं हे काढत आलो, पण मागच्या बाकावरची पोरं पहिल्यांदा पुढे सरकली ती त्या बादलीपाशी.

आणखी एक. बांधकामावर येणारी, मध्य प्रदेशातल्याच झाबुआ-अलीराजपूर जिल्ह्यांकडची कुटुंबं आमच्याकडे बरीच आहेत. गावी त्यांची शेती आहे, इथे ते नुसते मजूर. पालकसभेत बोलावलं की कोपऱ्यात उभे राहतात. बागेत बोलावलं तर एका आजींनी माझ्या हातातलं खुरपं काढून घेतलं! ओळीत किती अंतर, कुठल्या पिकाचं पाणी कधी बंद करायचं, हे आता मी त्यांना विचारतो, आणि त्यांचा नातू ते वर्गाला हिंदीत सांगतो.

भाजी विकायची नाही. थोडा निधी जमेल असं कुणीतरी सुचवेलच, ऐकू नकोस. वाटपाला पाळी लाव, पाळी मुलांनीच लिहावी, आणि शिक्षकांच्या पिशवीत एक जुडीसुद्धा जाता कामा नये. गुरुजींनी भाजी नेली हे वस्तीत कळायला तास पुरतो. आमच्याकडे एक साहेब फोटोसाठी आले आणि जाताना मुळे मागितले. मी त्यांना पाळीची वही दाखवली. त्यानंतर आलेले नाहीत.

उन्हाळ्याच्या सुट्टीची व्यवस्था आत्ताच ठरव. मे महिन्यात पाणी घालायला कुणी येत नाही, मी कुणाला अडकवतही नाही. वाफ्यांवर वाळला पाला जाड पसरून ठेवतो, शेवग्याची खांडं तेवढी तग धरतात.

गिलकी, डांगर आणि मेथीचं बी पुड्या बांधून ठेवलंय. संक्रांतीला भाचा सोलापूरला येतोय, त्याच्याबरोबर पाठवतो. तुमच्याकडे नळाला पाणी किती वाजता येतं ते तेवढं कळव, त्यावर वाफ्यांना पाणी कधी द्यायचं ते ठरेल. वहिनींना नमस्कार.

तुझा,
शरद