रविवारी मैदानावर या: ज्युनियर हॉकी टीमसाठी स्मरण

सर्व सभासदांना नमस्कार.

येत्या रविवारी सकाळी साडेसातला आपल्या नांदेडच्या ज्युनियर पोरांचा सामना आहे, समोर परभणी. मागच्या सामन्याला आपण मोजून नऊ जण होतो, त्यातले चार गोलकीपरच्या घरचे. ग्रुपवर अंगठे मात्र साठ पडले होते!

डिसेंबर-जानेवारीत गुरू गोबिंदसिंगजी गोल्ड अँड सिल्व्हर कपला खालसा हायस्कूलच्या मैदानावर बाहेरच्या टीम बघायला आपण आवर्जून जातो. जायलाच पाहिजे. पण आपल्याच गल्लीतली पोरं खेळताना कडेला कुणी नसावं, हे बरं दिसत नाही. 2025 च्या ज्युनियर वर्ल्ड कपमध्ये भारताने कांस्य जिंकलं, तेव्हा चेन्नईचं स्टेडियम कसं दणाणत होतं ते टीव्हीवर पाहिलंच ना?

वेळेवर या. पंधरा मिनिटांचे चार क्वार्टर, मध्ये थोडी विश्रांती. दीड तासात मोकळे. समोरच्यांना पेनल्टी कॉर्नर (आपल्या चुकीबद्दल गोलवर हल्ल्याची संधी) मिळाला की आपले पाचच जण गोल वाचवायला असतात, आवाज तेव्हा हवा. पंचांवर ओरडू नका. हिरवं कार्ड मिळालं की पोरगं दोन मिनिटं बाहेर बसतं, त्याला तिथं बोल लावू नका, आई-वडिलांनी तर नाहीच.

ऊन आहे, टोपी आणा. पाण्याचे दोन जार आणि केळी कोण आणणार, ते शुक्रवारपर्यंत इथेच कळवा. नुसता अंगठा नको, नाव लिहा.