तापात काढलेलं कोलेस्टेरॉल

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या आरोग्य पुरवणीत कोलेस्टेरॉलला सरसकट 'शत्रू' ठरवलंय. ३१ वर्षं राजारामपुरीत लोकांचं रक्त तपासलं, म्हणून राहवलं नाही.

गेल्या पावसाळ्यात माझ्या मेहुण्यांना लघवीच्या जंतुसंसर्गातून सेप्सिस झाला, म्हणजे संसर्ग अंगभर भिनून जिवावर बेतलं. एका खासगी रुग्णालयात तापाच्या पॅकेजमध्येच लिपिड प्रोफाइल, म्हणजे रक्तातल्या चरबीची तपासणी, होतं. कोलेस्टेरॉल ९४, एचडीएल (ज्याला 'चांगलं' कोलेस्टेरॉल म्हणतात ते) १६. भाचा खूश, "मामा, बाबांचं कोलेस्टेरॉल उतरलं की!" घरी सोडताना डॉक्टरांनी कोलेस्टेरॉलची गोळीही बंद केली. मला मात्र तो १६ चा आकडा बघून धडकी भरली.

कारण असं. ई. कोलायसारख्या जंतूंच्या बाहेरच्या आवरणात एंडोटॉक्सिन नावाचं विष असतं. ते रक्तात सुटलं की एक प्रथिन त्याला उचलून पांढऱ्या पेशींवरच्या टीएलआर-४ या ग्राहकापर्यंत (रिसेप्टरपर्यंत) नेण्याची वाट करून देतं. मग हुडहुडी, ताप, रक्तदाब ढासळणं. (हा ग्राहक शास्त्रज्ञ ब्रूस ब्यूटलर यांनी १९९८ मध्ये ओळखला, २०११ मध्ये नोबेल मिळालं.) पण हेच विष रक्तात कोलेस्टेरॉल वाहणाऱ्या एचडीएल, एलडीएलच्या कणांतही रुतून बसतं. एकदा रुतलं की पेशींना फारसं डिवचत नाही, बरंचसं यकृताकडे जातं. जोराच्या संसर्गात हे कणच काही दिवसांत घटतात, आणि एचडीएल फार खाली गेलेल्या रुग्णाची तब्येत सहसा जास्त नाजूक असते.

आमच्या लॅबमध्ये 'उपाशी आहे' म्हणणारा रात्रीचा पांढरा रस्सा पचवायच्या आत आला, तर सेंट्रिफ्यूजमधून काढलेली नळी त्याची चुगली करायची. वरचं सीरम, म्हणजे रक्ताचा पातळ भाग, दुधाळ! ते दुधाळपण कायलोमायक्रॉनचं, म्हणजे जेवणातली चरबी वाहणाऱ्या कणांचं, आणि हे कणही ते विष धरतात. म्हणून कुणी रस्सा औषध समजून ओरपू नये. सेप्सिसच्या रुग्णांना विष धरणारं चरबीचं मिश्रण शिरेतून देऊन पाहिलं गेलं, मृत्यू काही घटले नाहीत.

दोन महिन्यांनी मेहुण्यांचं कोलेस्टेरॉल पुन्हा काढलं, २२८. गोळी परत सुरू झाली, पण मधले दोन महिने हृदयाचा जुना रुग्ण गोळीविना राहिला.

पुरवणीत एवढी चौकट छापा: मोठ्या आजारात काढलेल्या लिपिड रिपोर्टवर गोळी बंद करू नये, बरं झाल्यावर काही आठवड्यांनी तपासणी पुन्हा करावी. आणि तापाच्या पॅकेजमध्ये लिपिड प्रोफाइल कशासाठी घालतात, हे लॅबवाल्यांनाही एकदा विचारा.

आपला,
एक निवृत्त लॅब टेक्निशियन,
राजारामपुरी, कोल्हापूर