दाढीचा साबण वाया जातो तो ब्रशवर

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

फवाऱ्याच्या डब्यातला फेस किंवा प्लास्टिकच्या नळीतले क्रीम सोडून दाढीच्या साबणाच्या वडीकडे वळणारे अनेक जण अलीकडे भेटतात. घरातला कचरा कमी व्हावा, हा त्यांपैकी बऱ्याच जणांचा हेतू असतो आणि तो योग्यच आहे. मात्र वडी आणली म्हणजे प्रश्न सुटला, असे धरून चालले जाते. रिकामा डबा कचऱ्याच्या बादलीत डोळ्यांना दिसतो. वडीतला वाया गेलेला साबण बेसिनच्या जाळीतून रोज वाहून जातो आणि त्याचा हिशेब कोणी ठेवत नाही. साबणाचे पाण्यात विघटन होते, हे मला मान्य आहे. पण त्यामागची पामतेलाची किंवा जनावरांच्या चरबीची उपज, ती शुद्ध करण्याचा आणि तिचा साबण करण्याचा खटाटोप, हे सारे त्या जाळीतून नाहक जाते. म्हणून या विषयावर थोडे तपशिलाने लिहावेसे वाटले.

एका दाढीला साबण किती लागतो, याचा अंदाज बहुतेकांना नसतो. घरातल्या साध्या डिजिटल वजनकाट्यावर तो कोणालाही काढता येईल. वडी पूर्ण वाळलेली असताना तिचे वजन करून तारखेसह टिपून ठेवावे, महिनाभराने पुन्हा वाळलेल्या अवस्थेतच वजन करावे आणि आलेल्या फरकाला दाढ्यांच्या संख्येने भागावे. ओली वडी तोलली तर आकडा फसवा येतो, कारण साबण पाणी धरून ठेवतो. नीट घोटलेल्या फेसासाठी एका दाढीला सुमारे १ ग्रॅम साबण पुरेसा होतो आणि हात बसलेल्या माणसाचे काम त्याहूनही कमी साबणात भागते. म्हणजे १०० ग्रॅमची वडी रोज दाढी करणाऱ्याला तीन महिन्यांहून थोडी अधिक पुरायला हवी. तीच वडी दीड महिन्यात तळाला जात असेल, तर जवळजवळ निम्मा साबण उपयोगी न पडताच गेला, असे समजायला हरकत नाही.

ही गळती मुख्यतः ब्रश वडीवर फिरवण्याच्या पहिल्या अर्ध्या मिनिटात होते. ब्रश पाण्यातून काढून तसाच निथळता वडीवर टेकवला, की पाणी वडीभर पसरते, मोठमोठे बुडबुडे उठतात आणि पातळ फेस वडी ठेवलेल्या वाटीच्या काठावरून व बोटांवरून ओघळू लागतो. ओघळणारा तो द्रव म्हणजे विरघळलेला साबणच असतो. शिवाय असा भरड फेस चेहऱ्यावर फार वेळ टिकत नाही, त्यामुळे ब्रश पुन्हा वडीवर जातो आणि तीच गळती दुसऱ्यांदा होते. याऐवजी ब्रश भिजवल्यावर हलका पिळून दोनतीनदा झटकावा, आणि केवळ टोकांनी, जोर न लावता वडीवर गोल फिरवावा. टोकांना फेस न दिसता दाट, चिकट लेप धरलेला दिसला की थांबावे. कडक, दाबून घट्ट केलेल्या वडीला यासाठी वीस-तीस सेकंद लागतात. मऊ साबणाला त्याच्या निम्मा वेळही पुरतो. वडीवरच भरपूर फेस येऊ देणे ही ब्रश भरल्याची खूण आहे, असा गैरसमज फार पसरलेला आहे. वास्तविक वडीवर फेस दिसू लागला, तर ब्रशमध्ये पाणी जास्त राहिले आहे एवढाच त्याचा अर्थ होतो.

यापुढचे काम पाण्याचे आहे, आणि या पत्रात मला सर्वांत आग्रहाने सांगायचे आहे ते हेच. तयार फेसात साबणाचा वाटा अगदी लहान असतो. बाकी सगळे पाणी आणि हवा. दाढीच्या साबणात स्टिअरिक आम्लाचे (तेल-चरबीतून मिळणाऱ्या एका मेदाम्लाचे) प्रमाण मुद्दाम अधिक ठेवलेले असते आणि त्याचा साबण करण्यासाठी बहुधा पोटॅशियम आणि सोडियम या दोन्हींची हायड्रॉक्साइडे वापरलेली असतात. पोटॅशियमचा साबण लवकर विरघळतो, सोडियमचा साबण वडीला कठीणपणा देतो, आणि स्टिअरिक आम्लामुळे बारीक बुडबुड्यांचा, कित्येक मिनिटे न विरणारा फेस तयार होतो. अंगाच्या साबणापेक्षा हा साबण अधिक पाणी सामावून घेऊ शकतो तो या घडणीमुळे. पण हे पाणी त्याला एकदम पेलत नाही. वेगळ्या वाटीत किंवा थेट गालांवर ब्रश फिरवत असताना टोके पाण्यात नुसती बुडवून दोनचार थेंब घ्यावेत, ते पूर्ण मुरेपर्यंत घोटावे आणि मग पुढचे थेंब घ्यावेत. फेस चमकदार, ओलसर आणि बोटांत घेतल्यावर निसरडा लागेपर्यंत हे करत राहावे. बरेच जण फेस पांढरा आणि जाड दिसताच थांबतात. असा कोरडा फेस गालावर उभा राहतो खरा, पण पाते त्यावरून अडखळत जाते, आणि मग साबण कमी पडला असे वाटून दुसऱ्या दिवशी तो अधिक घेतला जातो. कमी पडलेले असते पाणी. साबण वाढवण्याआधी पाणी वाढवून पाहावे, एवढे जरी पाळले तरी वडीचे आयुष्य लक्षणीय वाढते.

पाणी दुष्फेन, म्हणजे क्षारांमुळे कठीण असेल तर मात्र अडचण खरी असते. त्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणातल्या मेदाम्लांशी संयोग पावतात आणि न विरघळणारा पांढरट साका तयार होतो. साबणाचा पहिला हिस्सा या क्षारांना अडवण्यातच खर्ची पडतो आणि त्यानंतर उरलेल्या साबणाचा फेस होतो. यावर सर्वसाधारण उपाय म्हणजे साबण जास्त घेणे. परंतु फेसासाठी पाणी लागते ते चारपाच चमचे, ब्रश भिजवायला फार तर एक पेला. तेवढ्यापुरते क्षार काढणाऱ्या गाळणयंत्राचे किंवा पावसाचे स्वच्छ पाणी बाजूला काढून ठेवणे कोणालाही जड जाऊ नये. पाण्याचा कठीणपणा बायकार्बोनेटांमुळे असेल तर पाणी उकळून, निवल्यावर वरचे निवळ ओतून घेतले तरी फरक पडतो; सल्फेट किंवा क्लोराइडमुळे असलेला कठीणपणा उकळण्याने जात नाही. तोंड आणि रेझर धुण्यासाठी नळाचे पाणी चालते.

ब्रश मोठा हवा, हाही एक हट्ट असतो. केसांचा झुबका जितका जाड आणि दाट, तितका फेस त्याच्या पोटात अडकून राहतो, आणि ब्रश धुताना तो सगळा वाहून जातो. मध्यम आकाराचा ब्रश पूर्ण चेहऱ्याला पुरतो. कृत्रिम तंतूंचा ब्रश पाणी कमी शोषतो आणि फेस सहज सोडतो, म्हणून निव्वळ काटकसरीच्या दृष्टीने मी त्याला पहिली पसंती देईन. डुकराच्या केसांचा ब्रश मात्र आधी काही मिनिटे भिजत ठेवावा लागतो. ब्रश कोणताही असला तरी शेवटच्या हाताच्या (पाते फिरवण्याच्या शेवटच्या फेरीच्या) वेळी नवा साबण घेण्याआधी झुबका मुळापासून टोकांकडे हलका दाबावा. सुलट्या आणि उलट्या हातानंतर हनुवटीखाली किंवा ओठांच्या कडेला जे चारदोन खुंट राहतात, त्यांना एवढा फेस सहज पुरतो. त्यानंतरही काही उरला, तर त्याने रेझर आणि बेसिन स्वच्छ होते.

दाढी झाल्यावर वडीचे काय होते, याकडेही पुरेसे लक्ष दिले जात नाही. ओली वडी झाकण लावून बंद केली, की तिचा पृष्ठभाग दुसऱ्या दिवसापर्यंत लिबलिबीत राहतो आणि ब्रश त्यावरून गरजेच्या दुप्पट-तिप्पट साबण सहज उचलतो. वाटीतले पाणी ओतून टाकावे, वडीवर राहिलेला फेस ब्रशने उचलून चेहऱ्यालाच लावावा, आणि वडी पूर्ण वाळेपर्यंत वाटी उघडी, शक्यतो शॉवरच्या तुषारांपासून दूर ठेवावी. कडक वडी मऊ करण्यासाठी दाढीआधी तिच्यावर पाणी घालून ठेवण्याची पद्धत आहे. ती चुकीची नाही, पण पाणी चमचाभरच घालावे, आणि ते बेसिनमध्ये न ओतता त्यानेच दाढी भिजवावी, कारण तोवर त्यात साबण उतरलेला असतो.

वडी झिजून तळाशी साबणाचे नुसते कडे उरते, मध्ये वाटीचा तळ दिसू लागतो, आणि ब्रश त्या कड्यावर नीट बसत नाही म्हणून बरेच जण ते टाकून देतात. हा शेवटचा साबण पहिल्या दिवसाच्या साबणाइतकाच चांगला असतो. तो वितळवण्याच्या फंदात मात्र पडू नये. स्टिअरिक आम्लाचा द्रवणांक सुमारे ६९ अंश सेल्सिअस असला तरी त्यापासून तयार झालेला साबण एवढ्या उष्णतेने सरळ वितळत नाही. तो फुगतो, करपतो आणि त्याचा सुगंधही उडून जातो. कडे सुटे करून किसणीवर किसावे, किसावर पाण्याचे काही थेंब शिंपडावेत आणि तो बोटांनी किंवा चमच्याच्या पाठीने लहान वाटीत घट्ट दाबून दोन दिवस वाळू द्यावा. नवी वडी याच वाटीत बसणार असेल तर हा कीस तिच्या तळाशी पसरता येतो, आणि त्यामुळे वडी वाटीला पक्की चिकटून बसते.

एक अपव्यय असाही आहे ज्यात साबण ओलाही होत नाही. सुगंधाच्या हौसेपायी एकाच वेळी पाचसहा वड्या उघडून ठेवणारे लोक आहेत. हौसेला माझा आक्षेप नाही. परंतु उघड्या वडीचा सुगंध काही महिन्यांत मंदावतो आणि ज्या वडीत साबण न झालेली तेले जास्त राहिली असतील ती कालांतराने खवट होते. मग ती वडी बाजूला सारली जाते आणि तिच्या जागी नवी येते. एक वडी वापरात आणि फार तर एक बंद कागदात, यापेक्षा अधिक साठा मला कोणत्याही दृष्टीने समर्थनीय वाटत नाही.

उत्पादकांनाही यात पुष्कळ करता येण्यासारखे आहे. लाकडी किंवा धातूची वाटी एकदा घेतल्यावर पुढे फक्त कागदात गुंडाळलेली वडी मिळायला हवी, आणि वेगवेगळ्या उत्पादकांच्या वड्यांचा व्यास एकसारखा ठेवला तर कोणतीही वडी कोणत्याही वाटीत बसेल. डब्यावर काठोकाठ भरलेल्या दाढीच्या फेसाचे चित्र असते, त्यातून साबण भरपूर घ्यायचा असतो हीच शिकवण मिळते. त्या जागी ब्रश किती ओला असावा, तो किती सेकंद फिरवावा आणि पाणी थेंबाथेंबाने कसे वाढवावे, हे चार ओळींत छापता येईल. वडी किती दाढ्यांना पुरते, याचा अंदाजही वजनाशेजारी द्यावा, म्हणजे वापरणाऱ्याला आपला वापर त्याच्याशी ताडून पाहता येईल. आपल्या वृत्तपत्राने या मागण्या उत्पादकांपर्यंत पोहोचवाव्यात, अशी विनंती आहे.

आपला,
एक नियमित वाचक