कोळसेमामांचे पाकीट

ली, मँचेस्टरजवळ
रविवार, ८ डिसेंबर २०१९

प्रिय बापू,

स. न. वि. वि.

गणपतीत आलेल्या तुझ्या पत्राला आज उत्तर लिहितो आहे, म्हणजे शिवी तुझ्या तोंडात तयारच असणार. ती दे आणि पुढे वाच. साखर आटोक्यात आहे, गुडघा कुरकुरतो, बाकी प्रकृती ठीक. हे सगळे व्हॉट्सॲपवर लिहिता आले असते, पण ही गोष्ट अंगठ्याने लिहिण्याची नाही आणि आपल्या ग्रुपवर टाकण्याची तर मुळीच नाही, कारण तिथे हवामानाबद्दल काही टाकले तरी अर्ध्या तासात विषय पाकिस्तानपर्यंत पोहोचतो.

काल सकाळी शेजारच्या कोळसेमामांनी दार वाजवले. २०११ साली तू आलास तेव्हा त्यांना हे नाव दिलेस, ते आमच्या घरात अजून चालते. चष्म्याची काडी मोडली आहे, टपालाने मत द्यायचे कागद आले आहेत, जरा येऊन वाचून दाखव, असे ते म्हणाले. येत्या गुरुवारी, १२ तारखेला, इथे पार्लमेंटची निवडणूक आहे. १९२३ नंतर डिसेंबरात निवडणूक पहिल्यांदाच होते आहे, आणि दुपारी चारला अंधार पडत असल्याने म्हाताऱ्यांनी टपाली मतदानाचा मार्ग धरला आहे. स्वयंपाकघरातल्या टेबलावर मी कागद मांडले. मतपत्रिका ‘ए’ लिहिलेल्या पाकिटात, सही व जन्मतारखेचा कागद वेगळा, आणि ती दोन्ही ‘बी’ लिहिलेल्या मोठ्या पाकिटात, असे ते प्रकरण असते. मी उमेदवारांची नावे वाचून दाखवली आणि शिष्टाचार म्हणून खिडकीकडे तोंड करून उभा राहिलो. बराच वेळ काही आवाज झाला नाही. मग ते म्हणाले, “वळ इकडे. कोणीतरी बघायलाच पाहिजे.” घोड्यांच्या पैजेच्या दुकानात फुकट मिळते तसले बुटके निळे पेन त्यांच्या बोटांत होते, आणि फुली हुजूर पक्षाच्या उमेदवारासमोर होती.

बापू, हे वाक्य मराठीत लिहून त्याचे वजन फक्त तुलाच कळेल. हा माणूस १९६४ पासून पंधरा निवडणुकांत मजूर पक्षाला मत देत आला आहे. बिकरशॉची कोळशाची खाण १९९२ साली बंद होईपर्यंत तो तिच्यात होता. १९८४-८५ च्या संपात तो वर्षभर घरी बसला आणि संप फोडून कामावर गेलेल्या सख्ख्या भावाशी पुढे बावीस वर्षे बोलला नाही. तेव्हाच्या हुजूर पंतप्रधान थॅचरबाईंचे नाव तो आजही घेत नाही, ‘ती’ एवढेच म्हणतो. फुली मारून झाल्यावर तो म्हणाला, “भाऊ असता तर आज पोट धरून हसला असता.” मला हसता आले नाही.

हे एका रात्रीत घडलेले नाही. पायऱ्या मी शेजारच्या घरातून पाहिल्या आहेत. २३ जून २०१६ च्या सार्वमतात देशाने ५१.९ विरुद्ध ४८.१ टक्क्यांनी युरोपीय संघ सोडण्याचा कौल दिला, आणि आमच्या विगन भागात तर शंभरातले जवळजवळ चौसष्ट जण सोडण्याच्या बाजूचे निघाले. मामाही त्यांतलेच. २०१७ साली मजूर पक्षाने हा निकाल मान्य असल्याचे जाहीरनाम्यात छापले, म्हणून मामांनी पुन्हा त्यालाच मत दिले. मग पंतप्रधान थेरेसा मेबाईंचा संघ सोडण्याचा करार पार्लमेंटने तीनदा फेटाळला, त्यातही पहिल्यांदा ४३२ विरुद्ध २०२ असा, आणि या वर्षीच्या मे महिन्यात युरोपीय पार्लमेंटची निवडणूक आली. त्या वेळी मामांनी जेमतेम सहा आठवडे वयाच्या ब्रेक्झिट पार्टीला मत दिले. तो पक्ष देशात पहिला आला आणि सत्तेतला हुजूर पक्ष पाचवा. मला वाटते, खरी मेख तिथेच आहे. थेट हुजुरांना मत देणे मामांना मरेपर्यंत जमले नसते. पण मजूर पक्षाच्या घरातून बाहेर पडून एकदा ओट्यावर बसल्यावर पुढची पायरी उतरणे तितके अवघड राहिले नाही. आता ब्रेक्झिट पार्टीही आमच्याकडे उभी आहे, पण मते फुटली तर पुन्हा जुनेच निवडून येतील, हा हिशेब मामांनी स्वतःच केला.

मजूर पक्षाची या वेळची भूमिका मी त्यांना समजावण्याचा प्रयत्न केला, हे माझे चुकलेच. सत्तेवर आल्यास तीन महिन्यांत नवा करार करायचा, सहा महिन्यांच्या आत त्यावर पुन्हा सार्वमत घ्यायचे आणि त्या सार्वमतात पंतप्रधान झालेले पक्षनेते कॉर्बिन तटस्थ राहणार. आपल्या भाषेत सांगायचे तर, लग्नाची बोलणी मी करीन, मांडव मी घालीन, पण मुलगी पसंत आहे की नाही ते विचारू नका. हुजूर पक्षाच्या जॉन्सनसाहेबांजवळ मात्र ‘गेट ब्रेक्झिट डन’ हे तीनच शब्द आहेत, म्हणजे ‘संपवा एकदाचे’, आणि कंटाळलेल्या माणसाला तीन शब्द पुरतात. मामा मला म्हणाले, “आमचं स्टेशन १९६९ साली बंद केलं, तेव्हा कोणी विचारलं नाही. खाणीच्या वेळीही नाही. एकदा विचारलं, मी उत्तर दिलं, आणि साडेतीन वर्षं हेच लोक सांगतायत की तुला प्रश्नच कळला नव्हता.” पार्सोनेजच्या खाणीच्या जागी आता त्याच नावाचे दुकानांचे संकुल आहे आणि मामांची सून तिथे गल्ल्यावर बसते. यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते.

पण ‘तुला प्रश्न कळला नव्हता’ हे वाक्य मलाही लागले, आणि ते का लागले हे या देशात कोणालाच माहीत नाही. बापू, २०१६ साली मीही सोडण्याच्या बाजूने मत दिले होते. माझा पासपोर्ट अजून भारताचा आहे, तरी राष्ट्रकुलातला म्हणून इथे मला मत आहे. शेजारच्या वर्गावर शिकवणाऱ्या पोलंडच्या बाईंना मात्र त्या सार्वमतात मत नव्हते आणि या निवडणुकीतही नाही. ताईच्या मुलाचा व्हिसा त्या वर्षी दुसऱ्यांदा नाकारला गेला होता. युरोपातून येणाऱ्यांची गर्दी थांबली की आपल्या लोकांना दार उघडेल, असे तेव्हा आम्हा भारतीयांना प्रचारात सांगत होते. सांगणाऱ्यांत आपल्याच रंगाचे मंत्रीही होते. मी चिडलो होतो, आणि चिडलेल्या माणसाने पेन्सिल हातात धरली की जे होते ते झाले. चिऊ आता युनिव्हर्सिटीत आहे. कोणत्या मतदारसंघात कोणाला मत दिले म्हणजे ब्रेक्झिट अडेल, याचे तक्ते ती रात्र-रात्र बसून करते, आणि जेवताना ‘सोडणाऱ्यां’बद्दल जे बोलते ते मी आमटी वाढून घेत ऐकतो. वंदनालाही सांगितलेले नाही. इथे आता नव्या माणसाला कोणी पक्ष विचारत नाही. लीव्ह की रिमेन एवढेच विचारतात, आणि त्यावरून कोणाकडे जेवायला जायचे ते ठरते.

त्यात आपल्या लोकांचे तिसरेच. सप्टेंबरात मजूर पक्षाच्या अधिवेशनात काश्मीरवर भारतावर टीका करणारा ठराव झाला, तेव्हापासून मला रोज दहा संदेश येतात की हिंदूंनी या पक्षाला धडा शिकवावा. पक्षाने नोव्हेंबरात सारवासारव करणारे पत्र काढले, पण ते कोणी पुढे पाठवत नाही. मंडळाच्या दिवाळीत फराळाच्या टेबलाजवळ दोन डॉक्टर असे भांडले की चकल्या तशाच राहिल्या. मी चार घरी आणल्या. गंमत म्हणजे दोघेही ‘रिमेन’वाले, आणि तरी एकाचे मत या वेळी हुजुरांना जाणार. ब्रेक्झिट नको असलेला माणूस ब्रेक्झिट घडवणाऱ्या पक्षाला काश्मीरसाठी मत देणार, हे गणित मी वर्गात शिकवू शकत नाही.

आता मूळ गोष्ट. मामांनी पाकीट चिकटवले आणि पावसात गुडघ्याचा त्रास नको म्हणून टपालपेटीत टाकायला माझ्याकडे दिले. कोपऱ्यावरची लाल पेटी आमच्या दारापासून शंभर पावलांवर आहे. मी तिथे दोन-तीन मिनिटे तरी भिजत उभा होतो. ‘हरवले’ म्हणायला काय लागते? आमच्याकडे १९२२ पासून मजूर पक्षाचाच खासदार आहे. १९९७ साली चोवीस हजारांवर असलेले मताधिक्य गेल्या वेळी साडेनऊ हजारांवर आले. माझ्या मनाने अगदी शांतपणे हिशेब केला की हे मत नाही पोहोचले तर मामांनाच पुढे बरे वाटेल. आणि त्या क्षणी मला तुझ्या अण्णांची सायकल आठवली.

९१ च्या निवडणुकीत अण्णा मत द्यायला जाऊ नयेत म्हणून आपण ती पंक्चर केली; टाचणी माझी होती, टोचलीस तू. आपला हिशेबही हाच होता: अण्णांचेच भले. ते पायी गेले, मत देऊन आले, जेवले नाहीत. आणि संध्याकाळी जनता चौकातल्या गाड्यावर मी ‘अण्णा विकले गेले’ म्हणालो. तू मला सगळ्यांसमोर मारलेस, चार महिने बोलला नाहीस, आणि ते भांडण आपण मिटवलेच नाही, नुसते जुने होऊ दिले. मारलेस ते योग्यच होते, हे मी आज, अठ्ठावीस वर्षांनी, लेखी देतो. बोनसच्या त्या तडजोडीनंतर अण्णा युनियनच्या मीटिंगला जायचे बंद झाले होते, हे तुलाही माहीत होते आणि मलाही. लाल बावटा त्यांच्या मनातून केव्हाच उतरला होता. आपण मात्र सगळा दोष राममंदिराच्या विटेसाठी दिलेल्या त्यांच्या सव्वा रुपयावर टाकला, कारण तो आपल्याला दिसला होता. मामांचे पाकीट हातात घेऊन उभा असताना मला कळले की आपण अण्णांना एकदाही ‘का’ म्हणून विचारले नाही.

पाकीट मी पेटीत टाकले. परत आलो तर मामा दारातच उभे होते. “टाकलंस?” एवढेच विचारले. टाकले म्हणालो. मग त्यांनी चहा केला आणि आम्ही फुटबॉलवर बोललो.

गुरुवारी मी स्वतः मजूर पक्षालाच मत देणार, असे आज तरी वाटते. शाळेत फाटक्या वह्या-पुस्तकांवर वर्ष काढतो आहे, एवढे कारण मला पुरेसे आहे. पण २०१६ सालीही आत शिरेपर्यंत मला माझे मत पक्के माहीत होते.

तुझ्या मागांचे काय झाले? निम्मे भंगारात घालणार होतास, घातलेस का? धाकटीचे जमले असेल तर तारीख वेळेवर कळव, विमानाची तिकिटे महाग होतात. वहिनींच्या डोळ्याचे ऑपरेशन चांगले झाले असेलच. आईंना नमस्कार.

तुझाच,
अवि

ता. क. : एक गोष्ट तुला कधी सांगितली नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा सायकल हातात धरून आमच्या दारात आले होते आणि पंक्चरवाल्याला द्यायला त्यांनी माझ्याकडून दोन रुपये मागून घेतले. खिशात पैसे असताना.