जोडे मागायला आलेला माणूस

पुणे,
रविवार, संध्याकाळ

प्रिय नंदू,

सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तू विचारलंस आणि तेवढ्यात तुझं डोंबिवली आलं. "मुक्ता रात्ररात्र जागून ती व्हॅम्पायरची पुस्तकं वाचते. तूही कॉलेजात असताना तेच वाचायचास आणि अजून वाचतोस. असतं काय रे त्यात?" गर्दीत उतरता उतरता देण्यासारखं ते उत्तर नव्हतंच, म्हणून आज लिहायला बसलो. मुलीची काळजी करू नकोस, हे आधी सांगून ठेवतो. बाकीचं सवडीने वाच.

लोकांना त्या रक्त पिणाऱ्या मेलेल्या माणसाचे ते सुळे, तो काळा डगला, तो डोंगरातला किल्ला आवडतो असं तुला वाटतं. आवडतोच. मलाही आवडतो. पण कागदोपत्री ज्याची नोंद झाली त्या सुरुवातीच्या माणसाजवळ यातलं काहीच नव्हतं. तो एक साधा खेडूत होता, आणि मेल्यावर घरी परत आला तो आपले जोडे मागायला.

सर्बियात डॅन्यूब नदीजवळ किसिल्येवो नावाचं गाव आहे. 1718च्या तहानंतर तो मुलूख तुर्कांकडून ऑस्ट्रियाच्या बादशहाकडे आला होता. तिथल्या फ्रोम्बाल्ड नावाच्या अधिकाऱ्याने, आपल्याकडचा मामलेदार समज, 1725 साली वरिष्ठांना एक अहवाल पाठवला. त्याच वर्षी जुलैत तो व्हिएन्नाच्या वर्तमानपत्रात छापूनही आला. पेटार ब्लागोयेविच नावाचा गावकरी मरून दहा आठवडे झाले होते. त्यानंतर आठवडाभरात गावातली नऊ माणसं गेली, म्हातारी आणि तरणी दोन्ही, आणि प्रत्येकाचं दुखणं एका दिवसाचं. पेटार झोपेत येऊन अंगावर पडला, त्याने गळा दाबला, असं ती मरता मरता सांगत होती. रक्त प्यायला असं त्यांच्यापैकी कोणी म्हटल्याचं अहवालात नाही. आणि पेटारची बायको तोवर गाव सोडून दुसरीकडे निघून गेली होती. ती म्हणाली, नवरा घरी आला होता, माझे जोडे दे म्हणाला. त्या भागातल्या चामडी जोड्यांचा गावठी शब्दसुद्धा त्या सरकारी कागदात तसाच उतरला आहे.

गावाने थडगं उकरायचं ठरवलं. बेलग्रेडहून परवानगी येईपर्यंत थांबा असं फ्रोम्बाल्ड सांगत होता. लोक म्हणाले, तोवर गावच उरणार नाही, आम्ही घरंदारं टाकून जातो. शेवटी तो पाद्र्याला घेऊन गेला. प्रेताला वास नाही, दाढी-केस वाढलेले, जुनी कातडी सुटून खाली नवी आलेली, आणि तोंडात ताजं रक्त. लोकांनी छातीत खुंटा ठोकला आणि प्रेत जाळून राख केली. अहवालाच्या शेवटी फ्रोम्बाल्डने विनंती केली आहे की यात काही चुकलं असेल तर दोष मला नसावा, भीतीने भान सुटलेल्या जमावाला असावा. तीनशे वर्षांपूर्वीचा हा कारकुनी सावधपणा वाचताना तो माणूस एकदम ओळखीचा वाटतो.

त्याने पाहिलं ते बहुतेक खरंच होतं. पुरलेल्या देहात वायू साठतो, पोट फुगतं आणि आतला रक्ताळलेला द्रव तोंडावाटे बाहेर येतो. वरची कातडी सुटली की खालचा थर नव्या कातडीसारखा दिसतो. कातडी आकसली की केस आणि नखं वाढल्यासारखी वाटतात. खुंटा मारल्यावर आतला वायू सुटला तर कण्हल्यासारखा आवाजही येऊ शकतो. पाहिलेलं खरं, अर्थ चुकलेला. 1732 साली मेद्वेजा या दुसऱ्या सर्बियन गावाचा असाच अहवाल लष्करी वैद्यांनी लिहिला, तो युरोपभर गाजला आणि त्याच वर्षी 'व्हॅम्पायर' हा शब्द इंग्रजी वर्तमानपत्रांत पोचला. पुढे 1755 साली ऑस्ट्रियाच्या मारिया थेरेसा राणीने आपला वैद्य व्हान स्वीटन याच्या सल्ल्याने असली प्रेतं उकरायला बंदी घातली. ते फार बरं झालं.

पण नंदू, इतकं सगळं कळूनही मला त्या बाईचा विचार सोडवत नाही. अहवालात तिला एक वाक्य मिळालंय, धड नावसुद्धा नाही. तिच्या दारात तिचाच माणूस उभा होता, आणि तो काय मागत होता, तर रोज पायात घालायची वस्तू. तिने जोडे दिले की नाही, ते कोणी लिहून ठेवलेलं नाही.

बाबा गेले त्याला आता चौदा महिने झाले. दिवसांत गुरुजींनी सांगितलं तसं छत्री, काठी आणि नव्या चपला दान दिल्या, पुढच्या वाटेवर ऊन लागू नये, पाय पोळू नयेत म्हणून. पण त्यांच्या जुन्या चपला, त्या अंगठ्याचा खड्डा पडलेल्या, दाराआड तशाच आहेत. दिवाळीच्या साफसफाईत मी त्या उचलल्या, तेव्हा आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "असू देत. लागल्या तर?" मी परत ठेवल्या. त्या रात्री मी कपाटातून ते किसिल्येवोचं प्रकरण असलेलं पुस्तक काढलं. कॉलेजात असताना त्यातलं रक्ताचं वर्णन खाली पेन्सिलीने खुणा करून वाचलं होतं. जोड्यांच्या ओळीखाली खूण नव्हती.

दहाव्याला कावळा शिवेना ते तुला आठवत असेल, तू शेजारीच होतास. पाऊण तास आपण घाटावर उन्हात उभे. काकांनी घराच्या हप्त्यांचं सांगून पाहिलं, आत्याने धाकट्याच्या लग्नाचं. शेवटी मी म्हणालो, बाबा, आईला एकटी ठेवणार नाही, आणि कावळा आला. मी त्याचा अर्थ लावत बसत नाही. पण किसिल्येवोचे लोक जे खुंट्याने करू पाहत होते तेच आपण तिथे शब्दाने करत होतो. जा आता, मागचं आम्ही बघतो. आपल्याकडे देह जाळतात, त्यामुळे परत यायला अंगच उरत नाही. म्हणून आपल्या मेलेल्या माणसांना कावळ्याच्या रूपाने यावं लागतं, नाहीतर पिंपळावरचा मुंजा व्हावं लागतं. त्यांच्याकडे माणूस पुरलेला, म्हणजे गावाबाहेरच पण आहे, चेहऱ्यासकट आहे. व्हॅम्पायर सर्बियात झाला आणि सातारा-सांगलीत झाला नाही, याचं मोठं कारण मला हेच वाटतं.

आता तू म्हणशील, आपला वेताळ? इंग्रजीत वेताळाला व्हॅम्पायर म्हणायची सवय पसरली त्यात रिचर्ड बर्टन या इंग्रज प्रवासी-लेखकाचा हात मोठा. विक्रम-वेताळाच्या गोष्टी त्याने 1870 साली व्हॅम्पायर याच नावाखाली इंग्रजीत नेल्या. पण वेताळ हा मेलेला माणूस नव्हे. तो दुसऱ्याच्या प्रेतात शिरून बसतो, आणि राजाच्या खांद्यावरून रक्त मागत नाही, न्याय विचारतो. आणि कोकणात नि गोव्यात तर तो देव आहे. माझं आजोळ वेंगुर्ल्याकडचं. आरवलीच्या वेतोबाला केळीचे घड वाहतात आणि चामड्याच्या भल्यामोठ्या चपला वाहतात. लहानपणी मी आजीला विचारलं होतं, देवाला चपला कशाला? ती म्हणाली, "रातचो देव गावभर फिरता, झिजतत त्या." त्या चपलांच्या रांगेकडे बघताना मला तेव्हा भीती वाटली नव्हती. रात्री आपल्यासाठी कोणीतरी चालतंय, असं वाटलं होतं. बघ, रात्रीचं चालणं आणि पायताण दोन्हीकडे आहे. एका गावाने त्याला राखणदार केलं, दुसऱ्याने जाळलं.

याच बर्टनला 'ड्रॅक्युला' ही कादंबरी लिहिणारा ब्रॅम स्टोकर भेटला होता. बर्टन बोलताना वरचा ओठ वर जाऊन त्याचा सुळा खंजिरासारखा चमके, असं स्टोकरने पुढे आपल्या आठवणींत लिहून ठेवलंय. त्यावरून कोणी फार तर्क लढवू नयेत, पण मला ती ओळ फार आवडते.

स्टोकरकडे जाण्याआधी एका बापाची गोष्ट सांगतो. अमेरिकेत ऱ्होड आयलंडमध्ये एक्झिटर नावाचं गाव आहे. तिथल्या जॉर्ज ब्राउन या शेतकऱ्याची बायको क्षयाने गेली, मग थोरली मुलगी गेली. जानेवारी 1892 मध्ये एकोणीस वर्षांची मर्सी गेली. मुलगा एडविन अंथरुणाला खिळलेला. शेजारी म्हणू लागले, घरातलंच कोणी मेलेलं त्याला शोषतंय, थडगी उघडा. बापाचा यावर विश्वास नव्हता असं सांगतात, पण त्याने होकार दिला. मार्चमध्ये थडगी उघडली. कडाक्याच्या थंडीत ठेवलेला मर्सीचा देह टिकून होता आणि काळजात रक्त होतं. डॉक्टर म्हणाला, यात काही नवल नाही, फुप्फुसात क्षयाच्याच खुणा आहेत. तरी काळीज जाळलं आणि त्याची राख पाण्यातून एडविनला पाजली. मे महिन्यात तो गेला.

कॉख या जर्मन शास्त्रज्ञाने क्षयाचा जंतू जगापुढे मांडला त्याला तेव्हा सुमारे दहा वर्षं झाली होती. जंतू माहीत होता, औषध नव्हतं. मी त्या बापाला अडाणी म्हणू शकत नाही, नंदू. बाबा शेवटच्या महिन्यात आयसीयूत होते तेव्हा कोणी सांगेल ते अंगारे आपण उशाखाली ठेवले की नाही? तूच एक आणून दिला होतास. एकच मूल उरलेल्या माणसापुढे सगळं गाव दारात येऊन उभं राहतं तेव्हा तो काय करेल? पण तेवढीच दुसरी बाजूही आहे. अशा भीतीला कोणीतरी नाव चिकटवायला लागतंच. तिथे ती मेलेली पोर होती, आपल्या सातपुड्यात जिवंत बाईला डाकीण ठरवतात. तिथे मात्र समजून घेणं पुरत नाही, कायदाच लागतो.

न्यू इंग्लंडच्या, म्हणजे ऱ्होड आयलंड ज्यात येतं त्या भागातल्या, अशा प्रकरणांवरचं 1896 सालचं वर्तमानपत्री कात्रण स्टोकरच्या टिपणांत सापडलंय. पुढच्याच वर्षी, 1897 मध्ये, 'ड्रॅक्युला' आली. व्हॅम्पायर तोवर गावंढळ राहिला नव्हता. बायरन या इंग्रज कवीचा डॉक्टर पॉलिडोरी याच्या 1819च्या कथेत तो लंडनच्या बैठकांत वावरणारा लॉर्ड झाला होता. स्टोकरने त्याला किल्ला दिला, तोही आजच्या रुमानियातल्या ट्रान्सिल्व्हेनियात, आणि तिथे एकदाही न जाता. मुक्ताला हेही सांग की कादंबरीतला काउंट ड्रॅक्युला दिवसाढवळ्या लंडनच्या रस्त्यावर फिरतो. उन्हाने व्हॅम्पायर मरतो ही गोष्ट 1922च्या 'नोस्फेराटू' या जर्मन मूकपटाने रुजवली.

काउंट माझ्या मनात फार राहत नाही. राहते ती ल्यूसी, त्याने जिचं रक्त प्यायलं ती मुलगी. तिला वाचवायला चार पुरुष आपलं रक्त देतात (रक्तगटांचा शोध 1901चा, त्यामुळे गट कोणी पाहत नाही), तरी ती जाते. आणि स्मशानात परत दिसते ती तिच्याच चेहऱ्याने, हात पुढे करून, ज्याच्याशी लग्न ठरलं होतं त्याला हाक मारत. तो जायला निघतोही. दुसऱ्या दिवशी खुंटा मारायचा असतो तो त्यानेच. दुसऱ्या कोणी मारून चालणार नाही असं नाही, पण ज्याचं प्रेम होतं त्याच्याच हातून ते व्हावं असं ठरतं. ते प्रकरण मी विसाव्या वर्षी भीतीने वाचलं होतं. आता वाचताना मला मध्ये थांबावं लागतं.

त्याच कादंबरीत नियम आहे की घरातल्या कोणीतरी 'ये' म्हटल्याशिवाय तो पहिल्यांदा आत येऊ शकत नाही. लोक याला युक्ती समजतात. मला वाटतं सगळी गोष्ट त्या उंबऱ्यावर उभी आहे. परक्याला 'ये' कोण म्हणेल? ज्याची वाट बघतोय त्यालाच म्हणतो. भूत बाहेरून घाबरवतं. इथे कडी आपल्या हातात असते, आणि आपल्याला ती काढायची असते. ही गोष्ट इतकी वर्षं टिकली ती त्यामुळे, रक्तामुळे नाही, असं माझं मत आहे. मुक्ताच्या पुस्तकांतला तो देखणा, एकाकी मुलगा माझ्याच्याने वाचला जात नाही, पण तोही खिडकीबाहेर उभा राहूनच आत येऊ का विचारतो ना? पंधरा-सोळाव्या वर्षी कोणाला आत घ्यायचं हाच तर प्रश्न असतो. वाचू दे तिला.

तिच्यासाठी एक पुस्तक पाठवतोय, शेरिडन ले फानूची 'कार्मिला', 1872 ची, म्हणजे ड्रॅक्युलाच्याही पंचवीस वर्षं आधीची. लहानशी आहे. त्यात एक मुलगी आपल्या घरी राहायला आलेल्या पाहुणीची गोष्ट सांगते. ती पाहुणी कोण होती, तिने काय केलं, तिचा शेवट कसा केला, सगळं तिला माहीत आहे. तरी शेवटी ती लिहिते की अजूनही मधूनच दचकायला होतं, दिवाणखान्याच्या दाराशी कार्मिलाची हलकी पावलं वाजल्यासारखी वाटतात. ती घाबरली आहे की तिला आठवण येतेय, हे लेखक सांगत नाही. मुक्ताला विचार, तिला काय वाटतं, आणि मला कळव.

मे महिन्यात आईला घेऊन आजोळी जायचं म्हणतोय. आरवलीला जाऊ, वेतोबाला चपला वाहायच्या आहेत, ती बरेच दिवस म्हणतेय. तुला सुट्टी मिळाली तर चल, गाडीत जागा आहे. वहिनींच्या गुडघ्याचं काय झालं ते लिही. आणि या वेळी फोन करायचा तर घरी पोचल्यावर कर, लोकलमधून नको.

तुझा,
विनू