नियुक्तीपत्र आलं साहेब, आजी गेली

मा. आरोग्यमंत्री साहेब,
स. न. वि. वि.

काल माझं अधिपरिचारिकेचं नियुक्तीपत्र आलं. कालच आमच्याकडे आजीची गंधमुक्ती होती. दारावर बसायला आलेल्या बायकांसमोर पोस्टमनने पाकीट दिलं आणि आईने हंबरडा फोडला. निवड यादी लागली तेव्हा दिवाळीच्या आत सगळ्यांना नियुक्त्या देऊ, असं आपण भर सभेत सांगितलं होतं. दिवाळी गेली, होळी गेली, आखाजीही गेली.

आजी गावभर सांगत फिरायची, "मनी नात सरकारी नर्स व्हई." नाडी मोजायला सेकंदकाट्याचं घड्याळ लागतं, हे तिने कुठून तरी ऐकलं आणि कापूस वेचणीच्या पैशांतून घेऊन ठेवलं. डबीला हात लावू द्यायची नाही. ड्युटीच्या पहिल्या दिवशी मीच बांधीन म्हणायची.

वैशाखात तिला ऊन लागलं. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात नेलं. दारावर 'उष्माघात कक्ष' असा फलक, आत बंद पडलेला कूलर. तीस खाटांना रात्रपाळीची एकच सिस्टर, ती बाळंतपणात अडकलेली. उष्माघातात पहिल्या अर्ध्या तासात अंग थंड करावं लागतं, जीएनएम या नर्सिंग कोर्सची तीन वर्षं मी हेच शिकले. मी तिचं लुगडं भिजवलं, मानेला, काखेत ओली फडकी ठेवली, पुठ्ठ्याने वारा घातला. निघताना डबी उचलली होती. त्या घड्याळावर पहिली नाडी मोजली ती तिचीच. सलाईन समोर होतं, पण लावायचा मला अधिकार नव्हता. पहाटे "जिल्ह्याला हलवा" म्हणाले, तोवर सगळं संपलं होतं.

साहेब, तिथे सिस्टरची जागा रिकामी होती आणि अशाच जागेसाठी निवडलेली मुलगी तिथेच उभी होती. मध्ये आडवी आली ती तुमच्या खात्याची एक सही.

परीक्षेची फी घेताना सरकार एक दिवस थांबत नाही. १००० रुपये, मागासवर्गीयांना ९००. बाप कर्ज काढून भरतो. राज्यांनी २०२० पर्यंत बजेटच्या ८ टक्क्यांहून जास्त पैसा आरोग्यावर खर्च करावा, असं २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात लिहिलंय. तुम्ही किती केला? दवाखान्याच्या इमारतीला नारळ फुटतो, फोटो छापून येतात, आणि आत माणसं भरायची वेळ आली की अकरा महिन्यांचं कंत्राट. जळगाव-भुसावळला पारा ४५ च्या वर जातो, हे शेंबड्या पोराला माहीत आहे. मंत्रालयालाच दर उन्हाळ्यात नव्याने कसं कळतं? खान्देशातल्या म्हाताऱ्या माणसांचा जीव इतका स्वस्त आहे का?

मी परवा रुजू होतेय. पण यादीतल्या कितीतरी पोरी अजून पत्राची वाट बघत घरी बसल्यात. त्यांची तारीख जाहीर करा. भाषणात नको, लेखी द्या. आणि पाऊस पडेपर्यंत प्रत्येक उष्माघात कक्षाला रात्रीची वेगळी सिस्टर द्या. देता येत नसेल तर ते फलक उतरवा.

एक अधिपरिचारिका,
जि. जळगाव