इशारा पोहोचला, दुरुस्ती वाटेतच राहिली

महोदय,

पंचवीस वर्षे औषधांच्या दुकानात उभा आहे. गेल्या महिन्यात एक ओळखीचे गृहस्थ व्हॅरेनिक्लीनची कापलेली स्ट्रिप परत घ्या म्हणून आले. सिगारेट सुटावी म्हणून डॉक्टरांनी लिहून दिलेली गोळी. ती सुरू करून आठवडा होतो न होतो तोच मुलीने मोबाइलवर आलेला मजकूर दाखवला : ‘या गोळीने माणूस जीव देतो.’ गोळी थांबली, सिगारेट मात्र चालूच.

मजकूर खोटा नव्हता, शिळा होता. अमेरिकेत २००६ साली या औषधाला मान्यता मिळाली. नंतर नैराश्य, आक्रमकपणा, आत्महत्येचे विचार अशा तक्रारी येऊ लागल्या. २००८ मध्ये तिथल्या वैमानिकांना ते घ्यायला मनाई झाली आणि २००९ मध्ये व्हॅरेनिक्लीन व सिगारेट सोडवण्यासाठीच दिले जाणारे ब्युप्रोपिऑन या दोन्हींवर काळ्या चौकटीतला, म्हणजे सर्वांत कडक, इशारा छापला गेला. पुढे आठ हजारांवर लोकांची मोठी चाचणी झाली, त्यात निम्मे आधीपासून मानसिक आजार असलेले. खरी गोळी आणि नुसती दिखाऊ गोळी घेणाऱ्यांत अशा त्रासांचा लक्षणीय फरक आढळला नाही. डिसेंबर २०१६ मध्ये चौकट काढली. ही दुसरी बातमी कुणी फॉरवर्ड करत नाही.

म्हणून गोळी निर्धोक आहे असे मी म्हणणार नाही. निकोटिन सुटतानाही चिडचिड होते, झोप उडते; त्यामुळे दोष गोळीचा की तलफेचा, हे घरच्यांना कळत नाही. माणूस एकदम बदललेला वाटला, जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा करू लागला, तर गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे. मळमळ तर पूर्ण डोसवर दहांतल्या सुमारे तिघांना होते. जेवणानंतर पेलाभर पाण्याबरोबर घेतली तर पुष्कळदा सुसह्य होते. विचित्र, लख्ख स्वप्ने पडतात. मूत्रपिंड फारच कमकुवत असेल तर डोस निम्मा लागतो. दारू लवकर चढते, क्वचित माणूस हिंसक होतो आणि नंतर काही आठवत नाही, असा इशारा २०१५ मध्ये आला. पण बायको शेजारी उभी असताना ‘पिता का?’ याचे खरे उत्तर कोण देईल? ब्युप्रोपिऑनची गोष्ट वेगळी. त्याने फिट येऊ शकते. ज्यांना फिट येतात त्यांनी ते घेऊच नये.

आणखी एक गोष्ट दम्याच्या जुन्या रुग्णांना कुणी सांगत नाही. विडीच्या धुरामुळे थिओफायलीन हे दम्याचे औषध शरीरातून लवकर निघून जाते. विडी सुटली की तोच डोस अंगात साचतो. छातीत धडधड, उलट्या, हातांना कंप. मग बोल लागतो विडी सोडण्याला! विडी सोडायचे ठरवताना दम्याच्या डॉक्टरांनाही कळवायला हवे.

यात आमच्या धंद्याचाही दोष आहे. ही चिठ्ठीवरची औषधे. तरी ‘शेजाऱ्याला गुण आला’ एवढ्यावर ती मागणारे येतात आणि देणारेही भेटतात. आपल्या पत्राला विनंती एवढीच, की औषधांच्या दुष्परिणामांची बातमी छापताना ती कोणत्या साली दिली गेली आणि पुढे काय झाले, हे दोन ओळींत द्यावे.

औषधाचा त्रास रुग्णाला स्वतःही कळवता येतो : १८००-१८०-३०२४, फोन मोफत. हा क्रमांक मी काउंटरवर चिकटवला आहे. आजवर एकाही गिऱ्हाइकाने तो उतरवून घेतलेला नाही.

– एक औषधविक्रेता, सातारा